कळीचा उंदीर: एका प्रयोगाचे मोल आणि मर्यादा

उत्तर अमेरिकेतला कांगारू उंदीर आपण वर्गात शिकवतो तो पाणी न पिता जगणारा प्राणी म्हणून. वाळवंटाने त्याला घडवले, एवढ्यावर धडा संपतो. त्याने वाळवंट कसे घडवले, हे जेम्स ब्राउन आणि एडवर्ड हेस्के यांनी १९९० साली शोधनिबंधातून दाखवले.

ॲरिझोनातील पोर्टल गावाजवळ १९७७ मध्ये पाव-पाव हेक्टरचे २४ तुकडे आखण्यात आले. कुंपण सर्वच तुकड्यांना होते, त्यामुळे कुंपणाचाच परिणाम मोजला जाण्याचा धोका टळला. काही कुंपणांची भोके मात्र इतकी लहान, की छोटे उंदीर ये-जा करत, कांगारू उंदरांना मज्जाव. बारा वर्षांनी अशा तुकड्यांत उंच गवत सुमारे तिप्पट झाले आणि गवताळ प्रदेशातले उंदीर तेथे राहायला आले. मोठ्या बिया खाणारे, जमीन उकरणारे गेले आणि झुडपांचे रान पालटू लागले.

चिकाटी हे या प्रयोगाचे मोठे बळ. इतका सावकाश बदल दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पात निसटतो.

पण तीन जाती एकदमच वगळल्याने प्रत्येकीचा वाटा कळत नाही. शिवाय १९९५ मध्ये बेलीचा पिशवी-उंदीर त्या जागी प्रथमच आढळला. तो लहान भोकांतून आत शिरला आणि कांगारू उंदरांच्या वाट्याच्या बऱ्याचशा बिया खाऊ लागला. म्हणजे रिकामी जागा भरून निघू शकते. मात्र त्याला अठरा वर्षे लागली.

म्हणून ‘कळीची जाती’ ही संज्ञा शिकवताना पुढचे दोन प्रश्नही विचारावेत: कुठे? आणि किती काळ?