‘से’ आणि ‘टेल’ : एका भेदाची चिकित्सा

कोशांत शब्दापुढें शब्द मांडलेला असतो, आणि विद्यार्थ्याची अशी समजूत होते कीं, दोन भाषांचा हिशेब तेथेंच मिटला. इंग्रजी ‘से’ म्हणजे म्हणणें, ‘टेल’ म्हणजे सांगणें, ‘स्पीक’ म्हणजे बोलणें. ‘टॉक’ उरलें, तर त्यालाहि बोलणेंच द्यावें, अशी ही वांटणी. ती अगदींच खोटी आहे असें नव्हे. परंतु तिच्यावर विसंबून केलेलीं भाषांतरें वाचतांना ठिकठिकाणीं पाऊल अडखळतें. हें अडखळणें कथाकादंबऱ्यांपुरतें राहिलें असतें, तर त्याची एवढी चिकित्सा करण्याचें कारण पडलें नसतें. पण न्यायासनापुढें साक्षीदाराच्या जबानीचेंहि भाषांतर होतें, आणि तेथें याच चार क्रियापदांवर माणसाची अब्रू, कधीं कधीं प्राणहि, टांगलेला असतो.

इंग्रजींत ‘टेल’ला ऐकणारा लागतो. गोष्ट, खरें, खोटें, भविष्य अशीं थोडीं कर्में सोडलीं, तर ‘कोणास’ याचें उत्तर दिल्यावांचून तें क्रियापद पुरें होत नाहीं. ‘से’ला ऐकणाऱ्याची गरज नाहीं, त्याला हवे असतात ते शब्द. एकांतांत भिंतीकडे पाहून उच्चारलेलें वाक्यहि ‘से’ होतें, ‘टेल’ होत नाहीं. ‘से’ला श्रोता जोडावयाचा तर मध्यें एक शब्दयोगी अव्यय घालावें लागतें, आणि बायबलाच्या १६११ सालच्या इंग्रजी भाषांतरांत अशी जोडणी जागोजाग केलेली आढळते. मराठी बायबलांत त्या ठिकाणीं ‘सांगतों’ असें आलें आहे. कोशाचा आंकडा येथें जुळत नाहीं, पण भाषांतर उत्तम आहे. ‘मी त्याला म्हटलें’ असें आपणहि रोज बोलतों. मात्र श्रोत्याच्या मनावर कांहीं ठसवावयाचें असलें म्हणजे ‘सांगतों’ हेंच क्रियापद तोंडांत येतें. आज्ञेचेंहि तसेंच. ‘त्याला बसावयास सांग’ यांतील सांगणें हा हुकूम आहे, आणि इंग्रजींतहि तेथें ‘टेल’च चालतें. या एका बाबतींत दोन भाषांनीं एकमेकींना न विचारतां एकच वाट धरली आहे.

‘टेल’चा जुना अर्थ मोजणें असा आहे. बँकेंत पैसे मोजून देणाऱ्यास ‘टेलर’ म्हणतात, आणि ब्रिटिश पार्लमेंटांत मतें मोजणाऱ्या सभासदांसहि तेंच नांव आहे. जर्मन भाषेंत ‘त्सेलेन’ म्हणजे मोजणें व ‘एर्त्सेलेन’ म्हणजे गोष्ट सांगणें. आपल्या वाचकांस याचें नवल वाटूं नये. संस्कृतांत ज्या ‘ख्या’ धातूपासून ‘आख्यान’ निघालें, त्याच धातूपासून ‘संख्या’हि निघाली. माळेंतील मणी ओढावे तसे प्रसंगामागून प्रसंग पुढें ठेवणें, हें कथनाचें मूळ रूप असावें. ‘टॉक’ हें ‘टेल’च्याच घराण्यांतलें, पण उनाड निघालेलें. ‘स्पीक’ मात्र परक्या कुळांतलें आहे, आणि जर्मन भावंडाजवळ असलेला ‘र’ तें वाटेंत कोठेंतरी हरवून बसलें आहे.

आपल्या तीन क्रियापदांची कुळकथाहि अशीच मनोरंजक आहे. म्हणणें हें संस्कृत ‘भण्’ पासून आलें. हेमचंद्रानें बाराव्या शतकांत रचलेल्या प्राकृत व्याकरणांत ‘कथ्’ धातूच्या जागीं येणारे जे आदेश दिले आहेत, त्यांत ‘संघ’ आणि ‘बोल्ल’ हे दोन्ही आहेत. म्हणजे सांगणें व बोलणें हीं एके काळीं एकाच गादीचीं वारस होतीं. वेगळीं घरें त्यांनीं मागाहून केलीं. म्हणण्यानें तर मराठींत असा संसार थाटला कीं, ‘से’नें त्याचा हेवा करावा. आपण श्लोक म्हणतों, गाणेंहि म्हणतों. ‘पाऊस आला म्हणून थांबलों’ यांत तें कारण दाखवितें, ‘गोविंद म्हणून एक मुलगा’ यांत नांव दाखवितें. कानडीच्या ‘एंदु’चा व तेलुगूच्या ‘अनि’चा व्यवहार बराचसा असाच आहे. ‘से’ला यांतलें फारच थोडें साधतें. म्हणूनच इंग्रजी कादंबरींतील प्रत्येक संवादाखालीं येणारें ‘सेड’ मराठींत जसेंच्या तसें उतरविलें तर ‘म्हणाला’ ‘म्हणाली’ यांचा कंटाळा येतो, आणि तो टाळण्यासाठीं आमचे भाषांतरकार ‘उद्गारला’, ‘उत्तरला’, ‘वदली’ यांची आतषबाजी सुरू करतात. हा उपाय रोगापेक्षां वाईट आहे. चहा मागणारें पात्र उद्गारत नसतें. अर्धीं क्रियापदें गाळलीं तरी कोण बोलत आहे हें मराठी वाचकास कळतें. आपल्या क्रियापदांत लिंगभेद आहे, आणि तूं, तुम्ही, आपण यांतूनच बोलणाऱ्याचें नातें उघड होतें.

आतां बोलण्याकडे वळूं. ‘सासू मला बोलली’ हें वाक्य घ्या. मराठी घरांत वाढलेल्या कोणासहि यांतील अपमान समजावून द्यावा लागत नाहीं. हेंच वाक्य जबानींत आलें आणि भाषांतरकारानें ‘स्पीक’ घातलें, तर तक्रारीचा जीवच गेला. ‘टॉक’ घातलें तर सासूसुना गप्पा मारीत बसल्याचें चित्र उभें राहिलें. इंग्रजींतहि वरिष्ठानें ‘त्याच्याशीं मला स्पीक केलें पाहिजे’ असें म्हटलें कीं कानउघाडणीचा वास येतो, पण तो त्या प्रसंगांतून येतो. कागदावरील भूतकाळी वाक्यास तो राहत नाहीं. उलट मुंबईच्या बोलींत ‘तो मला बोलला कीं उद्यां ये’ यांत रागाचा लवलेशहि नसतो, तेथें बोलणें म्हणजे निव्वळ सांगणें. पुढें ‘कीं’ आहे काय आणि बोलणारा कोठला, हीं दोन्हीं पाहिल्यावांचून या क्रियापदास हात लावूं नये. महाराष्ट्रांतील खालच्या न्यायालयांत मराठी चालते, आणि राज्यघटनेच्या ३४८ व्या कलमान्वयें उच्च न्यायालयाचें काम इंग्रजींत होतें. त्या दोहोंमधील जिना भाषांतरकाराच्या खांद्यावर उभा आहे, ही गोष्ट कोणी फारशी ध्यानांत घेत नाहीं.

ऐकणारा हवा कीं नको, हा व्याकरणांतला प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढें दोनदां तरी आला. १९५८ साली भोगीलाल चुनीलाल पंड्या यांच्या खटल्यांत न्यायालयानें ठरविलें कीं, ‘स्टेटमेंट’ होण्यास तें दुसऱ्यास कळविलेलें असण्याची आवश्यकता नाहीं. पुढें १९६५ साली साहू विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य हा खटला आला. सुनेच्या खुनाचा आरोप असलेला इसम घरांतून बाहेर पडतांना स्वतःशींच पुटपुटत होता, आणि तें साक्षीदारांच्या कानीं पडलें. ही कबुली होते काय? मराठींत आपण कबुली ‘देतों’, आणि देण्यास घेणारा लागतो. मराठी मन येथें ‘नाहीं’ असेंच म्हणेल. न्यायालयानें मात्र स्वगतहि कबुली होऊं शकतें असें मानलें. आमच्या परिभाषेंत, कबुली ‘से’च्या वर्गांत पडली, ‘टेल’च्या नव्हे. पण त्याबरोबरच, नेमके कोणते शब्द उच्चारले गेले हें भक्कम पुराव्यानें सिद्ध झालें पाहिजे, असेंहि न्यायालयानें बजावलें. ‘से’ला शब्द हवे असतात हें वर म्हटलेंच आहे. दुसऱ्या बाजूस, १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें पोलीस अधिकाऱ्याजवळ दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वर्ज्य ठरविली होती, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमांतहि तो नियम राहिला आहे. तेथें ऐकणारा कोण, यावरच सर्व अवलंबून. तो प्रांत ‘टेल’चा.

साहूच्या पुटपुटण्याचें भाषांतर करतांना कोणी ‘टोल्ड’ लिहिलें असतें, तर ‘कोणास?’ हा प्रश्न समोरच्या वकिलानें लागलीच विचारला असता.