शिवणीत गेलेलं कापड

मागच्या हिवाळ्यात शेजारच्या बेनबरोबर एका हस्तकला प्रदर्शनाला गेले होते. तिथे पट्ट्यांच्या चौकोनांची एक रजई टांगलेली होती. रंग छान, शिवण सरळ, आणि खाली पाटी : टाकाऊतून टिकाऊ. मी सवयीनं कोपरा उलटून पाहिला. मग पुन्हा पुढची बाजू पाहिली, तेव्हा लक्षात आलं की सगळ्या पट्ट्या एका मापाच्या आहेत. तोच लाल रंग प्रत्येक चौकोनात त्याच जागी, आणि कापडही सगळं एकाच पोताचं. चिंध्यांचं असं कधी जमत नाही. चिंधी जेवढी उरते तेवढीच असते. दुकानातल्या मुलीला विचारलं, तर ती बिचारी खरं बोलली. म्हणाली, ‘आंटी, तुकडे एकसारखे मिळत नाहीत ना, म्हणून थान आणून कापतो.’

नव्या कापडाची रजई करण्याला माझी हरकत नाही. हरकत पाटीला आहे. थान आणायचं, त्याच्या चिंध्या करायच्या, त्या पुन्हा जोडायच्या आणि वर काटकसरीचं पुण्यही घ्यायचं! आमच्यासारख्या जैन घरात अपरिग्रहावर बोलणं पुष्कळ होतं, आणि बोचकी मात्र माळ्यावर वाढत जातात, तेव्हा मी फार बोलू नये. पण या पाटीनं मला विचार करायला लावलं खरं.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जुन्या धोतराचा किंवा मऊ झालेल्या चादरीचा नऊ इंचांचा चौकोन घ्यायचा. हा पाया. त्यावर एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत एक पट्टी सुलट ठेवायची. दुसरी पट्टी तिच्यावर उलटी ठेवून कडेनं पायासकट शिवायची, उलगडायची, नखानं घडी दाबायची. मग तिसरी. असं करत दोन्ही बाजूंचे कोपरे भरले की चौकोन उलटा करून साडेआठ इंचांवर कापायचा. पट्टी उरेब असली, म्हणजे तिरक्या धाग्यात कापलेली असली, तरी चालते, कारण ताण पाया घेतो. एकटी शिवली असती तर ती जिलबीसारखी वळली असती. अमेरिकेत मंदीच्या काळात बायका पायाला वर्तमानपत्राचा कागद घेत आणि शिवून झाल्यावर फाडून काढत. आपल्याकडे कापड घेणं बरं. वजन वाढतं, पण थंडीत ते हवंच असतं.

आता हिशेब बघा. शिवणीला दोन्ही बाजूंनी पाव पाव इंच माया सोडावी लागते. म्हणजे एक इंचाच्या पट्टीतली दिसते फक्त अर्धा इंच. अर्धं कापड शिवणीत जातं! दोन इंचांची पट्टी असेल तर पाव हिस्सा जातो. पट्टी जितकी बारीक तितकी उधळपट्टी मोठी. मग याला काटकसर कशी म्हणायची? ज्या बाईला फक्त कापड वाचवायचं आहे ती अर्ध्या इंचाच्या नक्षीच्या मागे लागणार नाही. ती बारीक पट्टी लावते ते तिला ती तिथे हवी असते म्हणून. ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणताना आपण तिची ही निवडच पुसून टाकतो.

हे मला उशिरा कळलं. माझं माहेर सांगलीकडचं, तिकडे गोधडीला वाकळ म्हणतात. नवरात्राआधी सगळ्या गावाच्या वाकळा नदीवर धुवायला जात. भिजलेली वाकळ उचलायला दोघी लागत. लग्नात आईनं मला एक वाकळ दिली. वर नऊवारीचे तुकडे, वडिलांच्या सदऱ्यांच्या पट्ट्या, कुठे खण, कुठे छिटाचं कापड, आणि मध्येच एक हिरवी पट्टी जी कशाशीच जुळत नव्हती. मी बी.ए. झालेली, मला रंगसंगती कळत होती! बडोद्याच्या नव्या घरात ती मला गबाळी वाटली. मी ती गादीखाली घातली, वर चादर. लोखंडी पलंगाच्या पट्ट्यांवर घासून घासून दहा-बारा वर्षांत तिची चाळण झाली. ती हिरवी पट्टी तिथे का, हे आईला विचारायचं राहिलंच.

अशी चूक मोठ्यांनीही केली, पण उलट्या बाजूनं. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात अमेरिकन गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर लावल्या गेल्या. त्या प्रदर्शनाचं नावच अमूर्त रचनेवरून होतं. गोधडीला मान मिळाला, हे चांगलंच झालं. पण लक्ष रचनेकडे राहिलं आणि करणाऱ्या बायका मागे पडल्या. पुढे २००२ मध्ये अलाबामातल्या गीज बेंड या खेड्यातल्या कृष्णवर्णी बायकांच्या गोधड्या आधी ह्यूस्टनला आणि मग त्याच व्हिटनीत लागल्या, तेव्हा नावांसकट लागल्या. त्यांत मिझुरी पेटवे या बाईंची १९४२ सालची एक गोधडी आहे. नवरा वारल्यावर त्याच्या शेतात घालायच्या कपड्यांची त्यांनी केलेली. मी ती फोटोतच पाहिली आहे. विटलेला निळा, राखी, मळकट पांढरा. तिला ‘अमूर्त रचना’ म्हणता येतं, आणि नुसतं ‘प्रेमाची ऊब’ही म्हणता येतं. दोन्हींत काहीतरी निसटतं. त्या बाईनं दुःखातही कुठला तुकडा कुठे लावायचा हे ठरवलं होतं.

आपल्या गोधडीवरच्या कविता आणि लेख वाचताना मला हीच अडचण येते. त्यांत ऊब असते, आई असते, आठवणी असतात; शिवण नसते. आईनं किती माया सोडली, धावदोरा कुठून सुरू केला, काठ आधी लावले की मधला भाग, हे कुणी सांगत नाही. उत्तर कर्नाटकातल्या यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी बायका कवंदी शिवतात. त्यांच्या कोकणीत मराठी आणि कानडी मिसळलेली आहे. त्या कडेपासून सुरुवात करतात आणि गोल फिरत मध्याकडे येतात. कोपऱ्यांवर घड्या घातलेली त्रिकोणी फुलं लावल्याशिवाय कवंदी उघडी राहिली असं मानतात. एवढ्या एका रीतीत सौंदर्याची केवढी मोठी कल्पना आहे! वाकळ आणि कवंदी अख्खी शिवली जाते, एकदा टाका पडला की तुकडा हलत नाही. पट्ट्यांचा चौकोन मात्र सुटा असतो. जमिनीवर मांडा, फिरवा, चार चौकोनांचा शंकरपाळा करा, नाही आवडला तर मोडा. त्यामुळे चौकोनवालीला चुका सुधारता येतात. वाकळवालीला पहिल्यापासून ठाम असावं लागतं. दोन्हींना आपण एकच ‘पॅचवर्क’ म्हणतो, म्हणून हा फरकच बोलला जात नाही.

गेली दोन वर्षं मी असे चौकोन करते आहे. आमच्या तरसालीत ब्लाउज शिवणाऱ्या एक बाई शनिवारी कातरणाची पिशवी माझ्यासाठी ठेवतात. अस्तराचे तुकडे जास्त, रेशमी कमी. सिंथेटिक मी वेगळं काढते, इस्त्रीला आकसतं. माझे पहिले वीसेक चौकोन त्या प्रदर्शनातल्या रजईसारखेच झाले होते, सगळं जुळवलेलं. आता एखादी न जुळणारी पट्टी हाताला लागली की मी ती लगेच बाजूला टाकत नाही. लावून बघते. दहांत आठ वेळा ती खरंच वाईट दिसते, हेही सांगायला हवं. अशा वेळी आईच्या हिरव्या पट्टीचा हेवा वाटतो.

आमचे हे म्हणतात, एवढ्या वेळात बाजारातून चार रजया आल्या असत्या. आल्या असत्या.

आईच्या वाकळीचा हातभर तुकडा तेवढा उरला आहे. त्याची पट्टी होत नाही, माया धरत नाही, सुई घातली की धागे सुटतात. एक चौकोन निघाला, तो मी पायाला घेतला आणि वर पट्ट्या शिवल्या. वरून काही दिसत नाही. सहा बाय आठ असे अठ्ठेचाळीस चौकोन लागतील, एकेचाळीस झालेत.