पट आणि हजेरी

पटावर असणं वेगळं आणि वर्गात असणं वेगळं. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ला राज्यभर शाळांची पटपडताळणी झाली. बोटाला शाई लावून मुलं मोजली. पटावरच शिक्षकांची पदं ठरतात, अनुदान ठरतं. खोटी नावं उघडी पडली ते बरंच झालं. पण आपल्या सोयगावात ऑक्टोबर म्हणजे कापूसवेचणी. रानात गेलेलं खरं मूल आणि कागदावरचं खोटं मूल, दोघांची जागा सारखीच रिकामी. शाईला तो फरक कळत नाही. आम्हाला कळत होता. कॉलेजात आमची पदंही विद्यार्थिसंख्येवरच टिकायची, म्हणून रानात गेलेल्यांना आम्ही हजर मांडत गेलो. ‘का रे आला नाहीस?’ एवढं विचारायचं मात्र राहून गेलं.