डोंगर उसना घेणारे

पर्फॉर्मन्स आर्ट म्हणजे काय, हे सर्वणच्या माणसाला समजावून सांगायला जाऊ नये. सर्वण डिचोली तालुक्यात. साळचे गडे याच तालुक्यातले, आणि शेजारच्या सत्तरीत झर्मे. शिगम्यात झर्म्याला चोरोत्सव होतो, त्यात माणसे स्वतःला मातीत पुरून घेतात. कधीकाळी चोर समजून निरपराध वाटसरूंना मारले, त्याची ती आठवण, असे गावकरी सांगतात. गावाने आपल्याच अपराधाला वर्षातून एकदा देह द्यावा, ही कल्पना एखाद्या परदेशी बिएनालेत सुचली असती तर तिच्यावर जाडजूड कॅटलॉग निघाले असते. साळला होळीच्या सुमारास रात्री गडे देवचाराच्या ओढीने रानात धावतात. पौषात बायका धालो नाचायला मांडावर, गावाने त्यासाठी राखलेल्या जागेवर, उतरतात, तिथे पुरुषाला जागा नाही.

गोव्यात गेली काही वर्षे चित्र आणि देह एकत्र आणणारी कला चांगली फोफावली आहे. तिने या डोंगरी जगाकडून नेमके काय घेतले, असे विचारले तर माझे उत्तर कडवट आहे. रंग घेतला, नक्षी घेतली. मांडाच्या अटी बहुतेकांनी घेतल्या नाहीत. मांडावर कुणी यायचे, कोणत्या तिथीला यायचे, चुकले तर कुणाला जाब द्यायचा, हे ठरलेले असते. गॅलरीत जाब मागायला कुणी येत नाही.

या घडीला सर्वांत मोठे नाव निखिल चोप्रा यांचे. 1974 साली कोलकात्यात जन्मलेले चोप्रा आता गोव्यात राहतात. 2014 मध्ये त्यांनी माधवी गोरे आणि रोमेन लुस्तो यांच्याबरोबर ‘एचएच आर्ट स्पेसेस’ सुरू केले. काश्मीरची निसर्गचित्रे काढणाऱ्या आजोबांवरून त्यांनी ‘योगराज चित्रकार’ हे पात्र उभे केले. ते पात्र वेश बदलते, खाते, झोपते, आणि तासन् तास कोळशाने डोंगर रेखाटत राहते. 2017 च्या ‘डॉक्युमेंटा’ या कलाप्रदर्शनासाठी चोप्रा अथेन्सहून कासेलला चित्रे काढत गेले. 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये त्यांनी सलग नऊ दिवस प्रयोग केला. वेळ हेच माध्यम मानणे त्यांना पक्के साधले आहे. शिगम्याचा रोमटामेळ जसा बघ्यांच्या सोयीने थांबत नाही, तसेच चोप्राही थांबत नाहीत. पण त्यांचा डोंगर काश्मीरचा. गोवा हा त्यांचा मुक्काम आहे, विषय क्वचितच. यात गैर काही नाही. फक्त गोव्यात घडते ते सगळे गोव्याच्या मातीतले, असे म्हणण्याची आपल्याकडे जी घाई असते ती आवरावी.

मातीतले म्हणावे तर सागर नाईक मुळे यांचे कावीकाम आहे. चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर जांभ्या मातीचा तांबडा थर देऊन तो कोरण्याची ही देवळांतली रीत त्यांनी पुन्हा हाती घेतली. मेहनतीला तोड नाही. मात्र काव ही देवळाच्या भिंतीची कला. वारुळाला सातेरी मानून पुजणाऱ्या माणसाचे जग तिच्यात थोडेच येते. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी कुणबी लुगड्याला रॅम्पवर नेले, तेव्हाही कापड पुढे गेले, कुणबी बाई मागेच राहिली.

डहाणूच्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे आठवतात ते इथेच. लग्नाचा चौक लिहिणे हे वारली सवाशिणींचे काम. मशे यांनी तो रिवाज सोडून कागद घेतला, म्हणजे अट त्यांनीही मोडली. पण मोडणारा आतला होता आणि पाड्यातच राहत होता. 2003 मध्ये ड्युसेलडॉर्फला रिचर्ड लाँग यांच्यासोबत त्यांचे प्रदर्शन झाले. चालत जाऊन जमिनीवर रेघ उमटवणारा इंग्रज आणि शेणाच्या भुईवर मुंग्यांसारखी माणसे मांडणारा वारली बरोबरीने उभे राहिले. कोण कुणापासून प्रेरित, हा प्रश्नच तिथे गळून पडला.

गोव्यात या बरोबरीच्या जवळ जाणारे काम मला साहिल नाईक यांचे वाटते. साळावली धरणात गेलेले सांगे तालुक्यातले कुर्डी, मोगूबाई कुर्डीकरांचे गाव, दर उन्हाळ्यात पाणी उतरले की वर येते आणि उठवलेली माणसे तिथे परत जमतात. नाईक शिल्पकार आहेत. 2022-23 च्या कोची बिएनालेतल्या मांडणीत त्यांनी ते गाव उभे केले, आणि सोबत ठेवली गावकऱ्यांची गाणी. गावाची आठवण गावाच्याच गळ्यातून आली, हे त्या कामाचे बळ.

मग डिचोलीचे काय? इथे नुसती संस्कृती नव्हे, डोंगरच खणून नेला. 2012 मध्ये खाणी थांबल्या, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 लीज रद्द केल्या, आणि 2024 मध्ये डिचोलीत पुन्हा खनिज निघू लागले. चंद्रपूरच्या कोळसा खाणीलगत वाढलेले प्रभाकर पाचपुते कोळशाने भिंतीवर खाणकामगार काढतात. 2021 च्या ‘आर्टेस मुंडी’ सन्मानाच्या सहा मानकऱ्यांत ते होते. लोहखनिजाच्या तांबड्या धुळीतून त्या ताकदीचे काम करणारा चित्रकार डिचोलीला अजून मिळालेला नाही. धालोच्या फेऱ्या आणि घोडेमोडणीचे घोडे कॅनव्हासवर ढिगाने सापडतील. मागचा डोंगर मात्र त्या चित्रांत अजून शाबूत असतो. हे मला सरळ खोटे वाटते.

पणजीत 2016 पासून डिसेंबरात ‘सेरेंडिपिटी’ हा कलामहोत्सव भरतो. त्याच्या आयोजकांनी एखादा प्रकल्प शिगम्याच्या दिवसांत डिचोलीत करावा, खाणीच्या टाकाऊ मातीच्या ढिगाऱ्यावर करावा, आणि काय करायचे ते ठरवताना सर्वण-साळच्या माणसांना आधी विचारावे.