स्फटिकजलाचे अनुमापन : एका रूढ प्रयोगाचे परीक्षण

धुण्याच्या सोड्यातील स्फटिकजल आम्ल-अल्कली अनुमापनाने काढण्याचा प्रयोग प्रात्यक्षिकांच्या वर्गात रूढ आहे. विद्यार्थी २·८६ ग्रॅम स्फटिक विरघळवून २५० मि.लि. द्रावण करतो, त्यातील २५ मि.लि. मिथिल ऑरेंज या दर्शकाच्या साहाय्याने दशांश-प्रसामान्य हायड्रोक्लोरिक आम्लाशी जुळवितो. आम्ल २० मि.लि. लागले म्हणजे रेणुभार २८६ येतो. त्यातून निर्जल सोड्याचे १०६ वजा जाता उरलेल्या १८० ला १८ ने भागून १० हे उत्तर हाती पडते. मांडणी देखणी आहे. परंतु या प्रयोगात पाणी कोठेच मोजले जात नाही. मोजली जाते ती अल्कली. उरलेले सारे वजन पाण्याच्या नावे मांडले जाते. सोड्यात मीठ मिसळलेले असल्यास तेही निमूटपणे स्फटिकजलात जमा होते.

सोलापुरात दोष बहुधा उलट बाजूने प्रकटतो. दहा रेणू पाणी धारण करणारे स्फटिक सुमारे ३२ अंश सेल्सियसच्या वर टिकत नाहीत, आणि येथे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या पुढे जातो. शुक्रवार पेठेतील घरात उघड्या राहिलेल्या सोड्याच्या खड्यांचे त्या कोरड्या हवेत पांढरे पीठ होते. नमुन्यात सरासरी ९ रेणू उरले असतील, तर ब्यूरेट २० ऐवजी सुमारे २१·३ दाखवील. वाचनातील ०·१ मि.लि.ची चूक उत्तरास अवघे ०·०८ ने हलविते. तेव्हा हा फरक हाताच्या चुकीचा नव्हे. तरीही विद्यार्थी ९ खोडून १० लिहितो. प्रामाणिकपणे मोजणाराच चुकीचा ठरावा, ही या प्रयोगाची सर्वांत गंभीर उणीव होय. शिवाय ९ हा आकडा निव्वळ सरासरीचा. न सुकलेले खडे व एकजलीय भुकटी यांचे मिश्रणही तोच आकडा देते.

याउलट, सुताच्या रंगकामात हीच पद्धत शोभून दिसते. रिअ‍ॅक्टिव्ह रंग सुतावर पक्का बसविण्यास १०६ ग्रॅम निर्जल सोडा पुरत असेल, तर ताजे स्फटिक २८६ ग्रॅम हवेत. अर्धवट सुकलेला सोडा नुसता तोलून घेणाऱ्याचा अंदाज फसणारच. रंगाऱ्यास पाण्याशी नव्हे, अल्कलीशीच कर्तव्य असते, आणि अनुमापन नेमके तेच सांगते.

प्रयोगशाळेत मात्र त्याच नमुन्याचा दुसरा भाग वजन स्थिर होईतो तापवून पाण्याची घट स्वतंत्रपणे काढावी व दोन्ही आकडे शेजारी मांडावेत. ऑक्झॅलिक आम्लास हा उपाय चालत नाही. जास्त तापविल्यास पाण्याबरोबर आम्लही उडू लागते. तेथे फिनॉल्फ्थॅलीन वापरून केलेले अनुमापनच अधिक भरवशाचे.