सातवीची ऑर्डर कुठे आहे?

मंडळी, संरक्षण उत्पादनासाठी परदेशी कंपनीशी करार झाला की 'तंत्रज्ञान हस्तांतरण' हे शब्द ठळक छापून येतात. आम्हाला ते फसवे वाटतात. तंत्रज्ञान म्हणजे काही नकाशांची पेटी नव्हे, की तिकडे जहाजावर चढवली आणि माझगावला उतरवून घेतली.

१९८१ साली पश्चिम जर्मनीच्या एचडीडब्ल्यू कंपनीशी चार पाणबुड्यांचा करार झाला. दोन कीलला बांधायच्या, दोन मुंबईत माझगाव डॉकमध्ये. योजना चांगलीच होती. आपली माणसं कीलला जाऊन शिकून आली. पाणबुडीचं पोलाद जोडणं म्हणजे गेटला टाका मारणं नव्हे; इथल्या पाताळगंगेच्या कारखान्यांत दाबाच्या टाक्या जोडणाऱ्या वेल्डरला विचारा. एक्स-रेमध्ये बारीक चीर दिसली की सांधा कापा आणि पुन्हा करा. असा हात दोन-चार महिन्यांत बसत नाही, आणि रोजचं काम नसेल तर टिकतही नाही. इथे बांधलेली 'शल्की' १९९२ ला आणि 'शंकुल' १९९४ ला नौदलात आली. पुढच्या पाणबुड्यांचा विचार मात्र १९८७ पासूनच दलालीच्या वादात अडकला होता. चौकशी व्हायलाच हवी होती, पण वाद व्यवहाराचा आणि थांबलं काय, तर गोदीतलं काम! फ्रेंच स्कॉर्पीनचा करार झाला २००५ ला, आणि त्यातली पहिली 'कलवरी' नौदलात आली २०१७ ला. शंकुलनंतर २३ वर्षांनी. तोवर शिकलेली माणसं पांगली, निवृत्त झाली. शिकवणीची फी आपण दोनदा भरली, म्हणा ना.

उलटं उदाहरण या मोहोपाड्याच्या शेजारीच आहे. संरक्षणातलं नव्हे, अवकाशातलं. १९७४ साली इस्रोने फ्रान्सच्या एसईपी कंपनीशी करार केला: आपले अभियंते तिथे राबतील, मोबदल्यात व्हायकिंग इंजिनाचं ज्ञान मिळेल. त्यातून 'विकास' इंजिन झालं, पीएसएलव्हीत ते वापरात राहिलं. त्याला लागणारं नायट्रोजन टेट्रॉक्साइड आपल्या रसायनीत बनत आलं. २०१७ मध्ये केंद्राने एचओसीचे इथले तोट्यातले विभाग बंद करायचं ठरवलं. किती घरांच्या चुली त्यावर होत्या, ते तुम्हाला आम्ही काय सांगायचं! पण हा विभाग वगळून इस्रोकडे द्यायचा निर्णय झाला. कारण गिऱ्हाईक होतं, आणि त्याची मागणी तुटत नव्हती.

आता सहा नव्या पाणबुड्यांसाठी माझगाव डॉकने जोडीदार निवडला तो थिसेनक्रुप, म्हणजे कीलच्या त्या जुन्या एचडीडब्ल्यूचाच वारसदार. किंमत किती, देशी भाग किती टक्के, यावर चर्चा रंगते. आमचा प्रश्न वेगळा आहे: सहावी पाण्यात उतरेल त्या दिवशी सातवीचं पोलाद कापलं जात असेल का? स्कॉर्पीनमधली सहावी, 'वाघशीर', जानेवारी २०२५ मध्ये नौदलात आली, तेव्हा सातवीची ऑर्डर गोदीच्या हातात नव्हती.