पडद्यावरची तज्मीन

उर्दू शायरीत तज्मीन नावाचा प्रकार आहे. उस्तादाचा मिसरा जसाच्या तसा घ्यायचा आणि त्याला आपले मिसरे जोडायचे. वजन तेच हवे, आणि मिसरा दुसऱ्याचा आहे हे लपवायचे नाही. लपवला तर ती चोरी. फराह खान यांच्या 'ओम शांती ओम' (२००७) मधील 'धूम ताना' हे गाणे आम्हाला याच कसोटीवर घासून पाहावेसे वाटते.

या गाण्यात दीपिका पदुकोण जुन्या नायकांबरोबर नाचते: 'आम्रपाली' (१९६६) मधले सुनील दत्त, 'सच्चा झूठा' (१९७०) मधले राजेश खन्ना, 'जय विजय' (१९७७) मधले जितेंद्र. पाहताना गंमत वाटते. करायला बसले की घाम फुटतो. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी आम्ही नववीच्या मुलांना घेऊन 'मुगले आझम'मधल्या, वाळवंटातून अनवाणी निघालेल्या अकबराला शाळेच्या व्हरांड्यात आणायला गेलो. माउसने कडेकडेने आकृती कापण्यातच दोन तास संपले, आणि हे एकच चित्र. सिनेमाला सेकंदाला २४ लागतात. चिकटवल्यावर बादशहा हवेत तरंगू लागले, कारण पायाखाली सावली नव्हती. सावली रंगवली, ती खांबांच्या सावल्यांच्या उलट पडली. उजेडाची दिशा, सावली, कॅमेऱ्याची उंची, हेच इथले वजन. सगळे जमल्यावर एक मुलगा म्हणाला, "सर, बादशहा बघतात कुणाकडे?"

हा प्रश्न 'धूम ताना'लाही विचारला पाहिजे. वैजयंतीमाला त्यात नाहीत, मुमताज नाहीत. नायक उसने घेतले, नायिका गाळल्या. ही उणीव आम्हाला खटकते. तरीही तज्मीन साधली आहे, असे आमचे मत. जुन्या नायकांच्या हालचाली त्यांच्याच आहेत, आणि ते कोण हे प्रेक्षकाने ओळखण्यातच सारी मजा आहे. शिवाय ते गाणे पाहत बसलेला ओम, साधा ज्युनियर आर्टिस्ट, शेवटी मनातल्या मनात त्या नायकांच्या जागी स्वतःला उभा करतो. ज्याला पडद्यावर कुणी जागा दिली नाही, त्याची ती आस उसन्या मिसऱ्यांतून बोलू लागते.

'फॉरेस्ट गम्प' (१९९४) मध्ये मात्र केनेडींचे ओठ हलवून न उच्चारलेले शब्द त्यांच्या तोंडी घातले. तिथे मिसराच बदलला. याच 'ओम शांती ओम'मधल्या नकलेवर मनोजकुमार यांनी आक्षेप घेतला आणि शाहरुख खान यांना माफी मागावी लागली. सुनील दत्त २००५ मध्येच गेले होते. त्यांना कोण विचारणार?

आता तर यंत्र काही मिनिटांत बादशहांची मान हवी तिकडे वळवून देते. मुलांनी तसे सुचवलेही. आम्ही नाही म्हटले. व्हरांड्याचा फोटोच पुन्हा काढला, आणि बादशहांची नजर जिथे जात होती तिथे त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलाला उभे केले.